भिंगरीजवळचा ठिपका

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते फोटो निवडायचं. दुपारची जेवणं झाली होती, स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. मी कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर आणि विमल, म्हणजे माझी बायको, बाजूला स्टुलावर. तिच्या मांडीवर सूप आणि सुपात जवस. मी बटण दाबायचो, पडद्यावरचा एक फोटो जायचा, दुसरा यायचा. ती सुपातून मान वर करून एक नजर टाकायची आणि म्हणायची, ठेवा. नाहीतर म्हणायची, काढा. फोटो एका दीर्घिकेचे होते. दीर्घिका म्हणजे लाखो-करोडो ताऱ्यांचा एक गाव, पण इतका दूर की नुसत्या डोळ्यानं दिसतच नाही. तिचा एक चांगला फोटो करायचा तर दोन-दोन मिनिटांचे दोनशे फोटो घ्यावे लागतात. त्यातला एखादा हलतो, एखाद्यातून नागपूरचं विमान जातं, एखाद्यावर ढगाचं पातळ फडकं येतं. ते काढून टाकायचे आणि उरलेले कॉम्प्युटरकडून एकावर एक रचून घ्यायचे. निवडायचं काम विमलचं. माझे डोळे थकत, तिचे थकत नसत. यंदा जवसात खडे फार आले, असं ती त्या दुपारी दोनदा बोलली. चारच्या सुमारास म्हणाली, पाठीत भरून आल्यासारखं वाटते, जराशी पडतो. मी म्हटलं, पड. मान वळवून पाहिलंही नाही. संध्याकाळी वर्ध्याला दवाखान्यात नेत होतो, आर्वीच्या पुढं गाडीतच ती गेली.

पुढं जे लिहायचं आहे ते मी लोकांसमोर एकदा बोललो आहे, विहारात, उभ्यानं, घाईघाईत. तेवढ्यानं माझं भागलं नाही. आता बसून लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस आहे, चुका असतील. लिहिण्याच्या चुका कोणी सुधारून घेईल.

लोक आपल्या लहानपणाचं लिहितात, कसे वाढलो, कसे घडलो. माझं अंग वाढलं तेराव्या-चौदाव्या वर्षी आणि अक्कल वाढायला लागली ती साठीनंतर, तीही नीट वाढली नाही. पण हाताला वळण लागलं ते लहानपणीच, म्हणून तेवढं सांगतो. शाळा सुटली आणि बापानं मला आर्वीला एका स्टुडिओत ठेवलं. तेव्हा फोटो फिल्मवर निघत. काळ्या कापडाखाली एक तिरपी काच असायची, काचेखाली आरसा, आणि काचेवर ठेवायची निगेटिव्ह. तिच्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करायचं. देवीचे व्रण भरायचे, पुळी घालवायची, डोळ्याखालचा काळा घेर उजळ करायचा. मालक माणूस चांगला, पण हातावर पट्टी मारायचा. डाग राहिला की पट्टी. नवरी मुलगी सावळी असली आणि सावळीच दिसली, तरी पट्टी. दोन-तीन वर्षांत माझा हात असा तयार झाला की डोळ्याला ठिपका दिसायच्या आधी पेन्सिल तिथं पोचायची. पुढं मी कारंजाला हायवेच्या कडेला माझा स्टुडिओ टाकला, पेन्सिल गेली आणि कॉम्प्युटरचा ब्रश आला. हात तोच राहिला. चाळीस वर्षं मी लोकांचे चेहरे साफ केले आणि त्याची मला ऐट होती.

घर म्हणजे स्टुडिओच्या मागची दोन खोल्यांची जागा आणि वर गच्ची. ट्रक ब्रेक मारत, समोरच्या ढाब्यावर तव्यावर उलथनं वाजे, आणि उन्हाळ्यात कूलरचा घरघराट असा की बोलायचं ते ओरडून बोलावं लागे. प्रज्ञा, आमची एकुलती एक लेक, त्या आवाजात अभ्यास करून बँकेत लागली आणि नागपूरला गेली. विमल चौथी शिकलेली होती, पण लग्नाचे अल्बम लावायला तिच्याइतकं हुशार कोणी नव्हतं. तीनशे फोटोंत नवऱ्याच्या आत्याचा एकच फोटो आहे, तो गाळू नका, भांडण होईल, हे तिला दिसायचं, मला नाही. तिच्या हातचं वांग्याचं भरीत आणि त्यावर हिरवा सांबार, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, भाकरीसोबत असलं की मी दुसरं काही मागत नसे. आज मी ते स्वतः करतो. वांगं भाजून होतं, पण त्याला ती चव येत नाही. बाकी लिहायचं राहू द्या.

मोबाइल आले आणि लग्नाचं काम अर्ध्यावर आलं. त्या रिकाम्या दिवसांत वर्ध्याच्या एका खगोल मंडळानं आमच्या गावच्या शाळेत दुर्बीण लावली आणि त्याचे फोटो काढायला मला बोलावलं. मंडळाचे प्रमुख वानखडे सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. त्यांनी माझा कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, काका, ह्या कॅमेऱ्यानं तुम्ही लग्नं काय काढता, ह्यानं दीर्घिका निघतील. मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांनी मंडळाची एक जुनी आरशाची दुर्बीण आणि ताऱ्यांमागं हळूहळू फिरणारा स्टँड माझ्याकडे ठेवायला दिला, कारण आमच्याकडचा अंधार वर्ध्यापेक्षा चांगला. हायवेचे दिवे आड यायचे, म्हणून आम्ही विमलच्या भावाच्या शेतात जायचो, आष्टीच्या बाजूला आत. स्कूटरवर पुढं मी, मागं विमल, मध्ये दुर्बीण पोत्यात गुंडाळलेली. लोक विचारत, एवढ्या तोफेनं कोणाले मारता. विमल माझ्याकडे बोट करून सांगे, यायलेच मारायचं हाय, चांगली जागा पाहून राह्यली.

पहिल्यांदा दोनशे फोटो एकावर एक रचले आणि पडद्यावर ती भिंगरी उमटली, मधे पिवळट गाठ आणि भोवती निळसर पाती, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सप्तर्षीच्या शेपटीजवळ आहे ती, तिचं नाव इंग्रजीत आहे, आम्ही भिंगरीच म्हणायचो. विमलनं पदर तोंडाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "लगनातल्या बायांपेक्षा हे बरी. रातभर उभी राह्यली तरी डोये मिटत नाई." मी ते वाक्य सरांना सांगितलं, सरांनी मंडळात सांगितलं. मंडळात मला मान मिळायला लागला. डॉक्टर, इंजिनिअर माणसं मला काका म्हणून विचारत, रंग कसा काढला, साफ कसा केला. सातवी शिकलेल्या माणसाला असं कोणी विचारलं की काय होतं, ते मी सांगतो. तो फुगतो. मी फुगलो.

आता एका मे महिन्याचं, विमल जायच्या चार वर्षं आधीच्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रात्री बारालाही वारा तव्यावरून आल्यासारखा येतो. कॅमेरा तापतो, आणि तापलेला कॅमेरा फोटोत खोटे ठिपके टाकतो, लाल, निळे, पांढरे, ताऱ्यांसारखेच. त्याला आम्ही गरम ठिपके म्हणायचो. विमल थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कॅमेऱ्याला टेकून ठेवायची, तरी ते यायचेच. खरा तारा आणि गरम ठिपका ओळखायची खूण सरांनी सांगून ठेवली होती. आमचा स्टँड जुना, त्यामुळे रात्रभरात भिंगरी पडद्यावर बोटभर सरकायची आणि तिच्यासोबत सगळे तारे सरकायचे. गरम ठिपका कॅमेऱ्याच्या आतला, तो सरकत नाही, दोनशेही फोटोंत जिथल्या तिथं. एवढी साधी खूण. मला पाठ होती.

त्या दिवशी सरांचा फोन आला होता की वर्ध्याला प्रदर्शन आहे, संध्याकाळपर्यंत भिंगरीचा नवा फोटो पाठवा. सकाळपासून आम्ही निवडायला बसलो होतो. मधेच कसला तरी फॉर्म भरायचा म्हणून एक माणूस फोटो काढायला आला, त्याला मी बाकावर बसवून ठेवलं. विमल ठेवा, काढा म्हणत होती आणि म्हणता म्हणता थांबली. मागं घ्या म्हणाली. मी तीस-चाळीस फोटो भराभर मागं घेतले. पुढं घ्या म्हणाली. मग पडद्यापाशी येऊन तिनं बोट लावलं. भिंगरीच्या एका पात्याच्या टोकाशी निळसर ठिपका होता.

"आयकता का, हा पाहा."

मी म्हटलं, गरम ठिपका आहे, उन्हाळा आहे.

"गरम नाई. गरमवाले जागच्या जागी बसून राह्यतेत. हा भिंगरीसंगं चालून राह्यला." मग तिनं भिंतीकडे हात केला. तिथं एप्रिलमधला भिंगरीचा फोटो मी फ्रेम करून लावला होता. "थ्या फोटोत हा नाई. मागच्या महिन्यात नव्हता, आता आला."

बाकावरचा माणूस हसला आणि म्हणाला, काकू बी सायंटिस झाल्या का जी. वाईट हेतूनं नाही बोलला, सहज बोलला. पण ते मला लागलं. माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरपुढं, गिऱ्हाइकासमोर बायको मला शिकवते आहे आणि लोक हसतात, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हणालो,

"तू वर जाऊन कुरड्या पाह्य, कावळे आले असतीन. चौथी शिकलेली बाई मले फोटो शिकवते का आता?"

ती पडद्यापासून मागं झाली. पदर खोचला आणि गच्चीवर गेली. त्या माणसाचा फोटो मी काढला, त्याच्या गालावरची पुळी साफ केली, तो गेला. मग भिंगरीचे फोटो एकावर एक रचले. खोटे ठिपके रचण्यात विरघळून जातात, ते गेले. हा गेला नाही. पात्याच्या टोकाशी गोल, स्वच्छ बसला होता. तेव्हा तरी मी थांबायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक क्षण आलं होतं की विमल म्हणते ते बरोबर असेल. म्हणूनच मी तो जास्त घाईनं पुसला. ब्रश उचलला, बाजूचं काळं आकाश घेतलं आणि ठिपक्यावर फिरवलं. एका सेकंदाचं काम. चेहरा स्वच्छ झाला. फोटो सरांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं, अप्रतिम.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. म्हणाले, काका, तुमच्या भिंगरीत तारा फुटला आहे, अतिनवतारा, बाहेरदेशात कोणीतरी दोन दिवसांपूर्वी पाहिला. तुमचे फोटो तर त्याच्याही आधीचे आहेत, बघा बरं त्यात सापडतो का. मी फोन कानाला लावूनच मूळ फोटो उघडले. प्रत्येकात होता. पात्याच्या टोकाशी, भिंगरीसोबत चालत.  सर म्हणाले, पण तुम्ही प्रदर्शनाला पाठवलेल्या फोटोत तर तिथं काहीच नाही, हे कसं? त्याच वेळी विमल चहा घेऊन दारात आली होती. मला ती दिसत होती. तिच्याकडे पाहत पाहत मी सरांना म्हणालो, ते आमच्या घरच्या बाईनं केलं सर, मी बाहेर होतो, तिनं धूळ समजून साफ केला.

असं बोलायचं मी आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडात आयतं तयार होतं, हेही खोटं नाही. चाळीस वर्षं डाग दिसला की हात जायचा, त्या दिवशी डाग माझ्यावर होता. विमलनं चहा टेबलावर ठेवला, बशी कपाला लागून वाजली, आणि ती आत गेली. संध्याकाळी तिनं पोहे केले, मी खाल्ले. विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा होती. सरांनी आग्रह केला, वहिनींनाही आणा. मी म्हटलं, तिला काम आहे. पण सरांनी तिलाच फोन केला आणि ती तयार झाली. ठेवणीतलं निळं पातळ नेसली. एसटीत मी मनात म्हणत होतो की काही निघणार नाही. सभागृहात साठेक माणसं होती. सरांनी माझ्या मूळ फोटोतला ठिपका मोठा करून पडद्यावर दाखवला, बाण काढून, खाली माझं नाव लिहून. शोधाचा मान दुसऱ्याचा, पण आधीचा फोटो आमच्या काकांचा, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग ते हसून म्हणाले, आणि एक गंमत, हा तारा आपल्या वहिनींनी चक्क पुसून टाकला होता. सगळं सभागृह हसलं, प्रेमानंच हसलं. सर विमलकडे वळले. "वहिनी, तारा पुसायला धाडस लागतं बरं का."

विमल उभी राहिली. मला वाटलं, आता ही सांगते. सांगायला पाहिजे होतं तिनं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहून म्हणाली,

"हो जी. मले वाटलं कचरा हाय."

आणखी हसू झालं. ती बसली. कोणीतरी तिच्या हातात वडा आणि चहा दिला. आज ही गोष्ट लिहिताना मला तो हशा ऐकू येत नाही, तिनं "हो जी" म्हटलं ते ऐकू येतं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना आम्ही संध्याकाळची गाडी धरली. एसटीत जागा खिडकीची होती, ती बाहेर पाहत होती. आर्वीला गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला आणि उतरला. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा ती माझ्याकडे न पाहता बोलली.

"प्रज्ञाचे बाबा, तुमचं चार लोकांत नाव हाय. त्या लोकांत माहं काय, मी उद्या घरी भांडे घासन. त्यायले काई सांगू नका. पन प्रज्ञाले तेवढं खरं सांगजा. लेकीले वाटू नये, माय अडानी होती."

मी म्हणालो, सांगतो. एवढं एकच तिनं मागितलं. सगळ्या संसारात तिनं मागितलेल्या गोष्टी मोजायला बसलो तर दोन्ही हाताची बोटं लागत नाहीत, आणि त्यातली ही फुकट होती.

मी सांगितलं नाही. मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपात प्रज्ञाला सरांनी घेतलेलं होतं, तिला गोष्ट तिथूनच कळली, माझ्याआधी. ती फोनवर आईला म्हणायची, काय मॅडम, आज किती तारे पुसले? आधी विमल हसायची. पुढं हसायची सुद्धा नाही, म्हणायची, जेवली का तू. मी बाजूला बसून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आता फोन हातात घ्यावा. मग वाटायचं, फोनवर कशाला, समोरासमोर सांगू. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, आम्ही नागपूरला तिच्याकडे गेलो. जावई त्यांच्या मित्राला माझी ओळख करून देत होते, आमचे सासरे सातवी शिकलेत, पण ह्यांनी फुटलेल्या ताऱ्याचा फोटो घेतला आहे, आणि सासूबाईंनी तो पुसला होता. मित्र हसला, प्रज्ञाही हसली. विमल पुऱ्या वाढत होती. ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी बसमध्ये पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. मी मान खाली घालून म्हणालो, आलूची भाजी छान झाली. तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. चार वर्षांत हा एकच प्रसंग नाही, असे पुष्कळ आहेत, सगळे लिहीत नाही. लिहिले तर वाटेल मी फार झुरत होतो. तसं नव्हतं. मी जेवायचो, झोपायचो, भिंगरीचे फोटो काढायचो, ती शेजारी बसून ठेवा, काढा म्हणायची. एवढं झालं तरी ती बसायची. आणि मी तिनं काढा म्हटलेले काढायचो, ठेवा म्हटलेले ठेवायचो. पुन्हा एकदाही तिच्या नजरेवर शंका घेतली नाही. हे मात्र मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेऊन गेलो. आमच्याकडे घाटावर सगळं झाल्यावर शोकसभा होते. सावलीला लोक उभे राहतात, एक-एक जण दोन शब्द बोलतो. तिचा भाऊ बोलला, वस्तीतल्या बाया बोलल्या. वानखडे सर वर्ध्याहून आले होते, त्यांचेही डोळे भरले होते. ते म्हणाले, वहिनी आमच्या मंडळातल्या सगळ्यांच्या लाडक्या, त्यांनी एक तारा पुसला आणि हसत हसत कबूल केला, एवढं मोठं मन मी पाहिलं नाही. लोक डोळे पुसत हसले. प्रज्ञा माझ्या खांद्याला डोकं लावून रडत होती, तीही रडता रडता हसली. समोर लाकडं पेटलेली. मी तिथं बोललो असतो तर कोणी अडवलं नसतं. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिलो. ज्या दिवशी मी ठिपका पुसला, ज्या दिवशी फोनवर खोटं बोललो, आणि हा दिवस, ह्या तिन्हींत सगळ्यात वाईट कोणता विचाराल तर मी हा म्हणीन. आधीच्या दोन दिवसांत ती जिवंत होती, काही सुधारता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा प्रज्ञा स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. जावई अस्थी आणायची गाडी पाहायला गेले होते. मी चूळ भरली, स्टुडिओत आलो, कॉम्प्युटर लावला आणि तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. तिला वाटलं आईचा फोटो निवडायचा आहे. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, त्या मे महिन्याचे फोटो उघडले आणि म्हटलं, त्या निळ्या ठिपक्यावर नजर ठेव आणि हे बटण दाबत राहा. तिनं दाबलं. पन्नासेक फोटो गेले. ती म्हणाली, हा तर दीर्घिकेसोबतच सरकते बाबा, हे लाल ठिपके मात्र नाही सरकत.

"तुह्या मायनं हेच सांगतलं होतं मले. इथंच बसून. एप्रिलचा फोटो दाखवून सांगतलं. मी तिले हाकलून देल्लं अन् तो पुसला. मी पुसला. अन् सरायले खोटं सांगतलं की तिनं पुसला."

प्रज्ञानं बटणावरचा हात काढला नाही. पडद्याकडेच पाहत राहिली. बाहेर ट्रक थांबून क्लीनर पाण्याचा डबा वाजवत होता. तिनं विचारलं, मग आई सभेत हो काऊन म्हणाली?

मी म्हटलं, माझ्यासाठी.

"तिले राग आलता का?"

"मी विचारलं नाई कधी."

तिनं माझ्याकडे मान वळवली. लहानपणी मी तिला कधी मारलं नव्हतं, पण त्या सकाळी तिनं मला मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. तिनं मारलं नाही, ओरडली नाही. स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाली, मी तिला दर फोनवर चिडवत होतो. आमच्याकडे बाया जातो-येतो, होतो असंच बोलतात, तशीच बोलली ती, आईसारखी. मग उठली आणि माझा मोबाइल आणून माझ्या हातात दिला.

"सरांले लावा. माह्यासमोर लावा."

मी लावला. सर म्हणाले, बोला काका, जरा सावरलात का. मी सावरलो नाही म्हटलं आणि जे प्रज्ञाला सांगितलं तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत, दुसरे मला सुचले नाहीत. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, असू द्या काका, आता कशाला, लोक वहिनींना प्रेमानंच म्हणायचे. त्यांचं म्हणणं मला सोयीचं होतं. मला तिथंच फोन ठेवून देता आला असता. प्रज्ञा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिला दोन्हीकडचं ऐकू जात होतं.

मी म्हणालो, नाई सर, काल तुम्ही सगळ्या लोकांत बोलले, तर सगळ्या लोकांतच सांगा. सर म्हणाले, मी कसं सांगू, तुमच्या घरचं आहे. विहारात पुण्यानुमोदनाला, वहिनींच्या श्रद्धांजलीला, मंडळाची सगळी मंडळी येणार आहेत, तिथं तुम्हीच सांगा.

मी सांगतो म्हणालो. प्रज्ञा समोर उभी होती म्हणून म्हणालो. एकटा असतो तर म्हणालो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.